नैवेद्याचे ताट आणि झटपट अन्न

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस गुहागरात घरोघरी श्रीगणेशाची स्थापना होते आणि मुंबई-पुण्याहून आलेल्या चाकरमान्यांमुळे वर्षभर मिटून असलेली घरे पुन्हा बोलू लागतात. व्याडेश्वराच्या या गावी कीर्तनसेवा करीत असताना उत्सवकाळी घराघरांतून जाण्याचा योग आम्हांस येतो. देवापुढील ताटात उकडीचे मोदक आणि माजघरात मुलांच्या हाती पाकिटातील नूडल्स, हे दृश्य आता नित्याचे झाले आहे. त्यावर संतापून बोलणारे पुष्कळ आहेत. आम्हांस थोडा निराळा विचार मांडावयाचा आहे.

अन्नाची निंदा करू नये, हे तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत व्रत म्हणून सांगितले आहे. ते परक्या अन्नासही लागू आहे. शिवाय परके म्हणावे कशास? दादर स्थानकाबाहेर १९६६ साली वडापाव विकू लागले असे सांगतात. त्यातील बटाटा व मिरची मूळची अमेरिका खंडातली, तर पाव पोर्तुगीजांकडून आलेला. आणि एकादशीस निःशंक मनाने आपण खातो तो साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तोही दक्षिण अमेरिकेचाच!

मग आक्षेप कशास? १९४८ साली कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे मॅकडोनाल्ड बंधूंनी आपल्या उपाहारगृहातील पदार्थांची यादी छाटली आणि स्वयंपाकघर कारखान्याप्रमाणे मांडले. प्रत्येकाने एकच काम करावे, आणि पदार्थ क्षणात, दर वेळी तसाच निघावा. हीच रीत पुढे शंभराहून अधिक देशांत गेली. १९८६ साली ती रोमच्या ऐतिहासिक चौकात पोहोचली, तेव्हा इटलीत निषेध झाला. कार्लो पेत्रिनी यांची ‘स्लो फूड’ चळवळ त्यातूनच वाढली. १९९६ साली भारतात येताना या मंडळींनी गोमांस वगळले, पुढे आलू टिक्कीही दिली. पदार्थ बदलला, सर्वत्र एकसारखेपणाची रीत मात्र तीच राहिली.

या रीतीस जे कधीच साधणार नाही, ते आमच्याकडे चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी शिजते. ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य; म्हणून परसात व वाडीत हाताने लावलेले जे असेल त्याचीच भाजी. अळू, माठ, सुरण, पडवळ, भेंडी, मक्याची कणसे, आंबटपणास अंबाडे, वरून ओले खोबरे. एका घरी सुरण अधिक, शेजारी अळू. दोन घरांची चव जुळत नाही आणि जुळावी अशी कोणाची अपेक्षाही नसते. ही भाजी करावयाची तर कोणते पान कोवळे, कोणता अळू खाजरा, हे ओळखणारे कोणी घरात असावे लागते. ती ओळख पाकिटात येत नाही, आणि एक पिढी चुकली की पुढच्या पिढीस ती विचारावी कोणास? वडापावाने आमचे काही बिघडत नाही. बिघडते ते वाडीत अळू असून तो कोणास चिरता येत नाही तेव्हा.

येथे पुरुषवर्गास दोन शब्द ऐकविणे भाग आहे. मोदकाचे गुणगान व्यासपीठावरून आम्ही करतो; पहाटेपासून उकड मळून कंबर मोडते ती घरच्या स्त्रियांची. शहरात नोकरी करून आदल्या रात्री गाडीने चिपळुणास उतरलेल्या सुनेने मोदक विकत आणले, तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार पाटावर आयते बसणाऱ्यांस नाही. परंपरा हवी असेल तर नारळ खवण्यास आणि पारी करण्यास मुलग्यांनीही बसावे. हातास तेल-पाणी लावून मुखऱ्या पाडणे पहिल्या वर्षी साधत नाही. फुटलेले मोदक नैवेद्यातून वगळून घरच्यांनी खावेत; चवीस ते तसेच लागतात.