आधी त्याची उतरू द्या!

शीर्षक वाचून रेक्टर सरांनी दचकू नये! हा लेख हॉस्टेलमधल्या कुणाबद्दल नाही. तो आहे बायोटेक लॅबच्या कपाटात अल्कोहोलमध्ये बुडून बसलेल्या माशाच्या तुकड्यांबद्दल.

गेल्या सेमिस्टरला आमच्या बॅचला त्यातून डीएनए काढायचा होता. सबमिशन तोंडावर, म्हणून बाटलीतला तुकडा उचलला आणि थेट बफरमध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी जेलवर पट्टीच नाही! सगळ्यांनी किटला शिव्या घातल्या. पण चूक आमची होती.

अल्कोहोल ऊतीतलं पाणी ओढून घेतं. त्यामुळे डीएनए तोडणारी एन्झाइम्स गप्प बसतात आणि नमुना टिकतो. पण तेच अल्कोहोल आत राहिलं, तर आपण घातलेलं प्रोटिनेज के हे एन्झाइमही गप्प बसणार ना! शिवाय तुकडा कडक झालेला. मेसच्या मावशी हरभरे न भिजवता उसळ करतात का? तसंच हे. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घ्या, टिपकागदावर टिपा, बारीक चिरा, स्वच्छ बफरमध्ये दोन-तीनदा बदलून भिजवा. मगच एन्झाइम घालून ५६ अंशांवर रात्रभर ठेवा.

"एवढ्याशा तुकड्याचं काय कौतुक?" असं कुणी म्हणेल. तस्मानियन टायगर हा प्राणी १९३६ साली होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात संपला. पण १९०९ सालापासून अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या त्याच्या एका पिल्लावरून २०१७ साली संशोधकांनी त्याचा जीनोम वाचला. तिथे घाई करून तुकडा वाया घालवला असता, तर दुसरा आणायचा कुठून?

आमच्याकडे मात्र या तयारीला जर्नलमध्ये एक ओळ आणि मार्क शून्य. दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये भिजवायला वेळ कुठाय? माझं सरांना आणि मॅडमना सांगणं एवढंच, की नमुना तयार करण्यासाठी आदल्या दिवशी वेगळा टर्न द्या आणि त्याला मार्कही द्या. मार्क असल्याशिवाय आम्ही सुधारत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे!

आमचा मासा एका सीनियरने भर पावसात नदीवर जाऊन जमवला होता. त्या बाटलीत आता एकच तुकडा उरलाय. ज्युनियर्स, तो तुमचा आहे. घाई करू नका.