चोपडी चोराच्या हाती कशाला?

कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना टिटवाळ्यानंतर खडवली लागते. सुट्टीच्या दिवशी भातसेच्या पात्रात डुंबायला येणाऱ्यांना हे गाव चांगले परिचयाचे आहे. परंतु याच खडवलीहून पडघ्याच्या रस्त्याला लागलेल्या प्रवाशाने जरा मान वर केली, तर उच्च दाबाच्या विद्युतवाहिन्या खांद्यावर पेलणारे मनोरे त्याच्या नजरेस पडतील. पडघ्याचे ४०० किलोव्होल्टचे उपकेंद्र म्हणजे मुंबई महानगराच्या वीजपुरवठ्याचा एक आधारस्तंभ. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास हा पुरवठा कोलमडला. कळवा-पडघा वाहिनीच्या एका सर्किटची देखभाल चालू असताना दुसऱ्या सर्किटमध्ये बिघाड झाल्याचे तेव्हा सांगण्यात आले. लोकल जागच्या जागी थांबल्या, कोरोनाच्या त्या काळात रुग्णालयांना जनित्रांवर विसंबावे लागले आणि अंधार ठाऊक नसलेली मुंबई भर दिवसा हतबल झाली.

खरा अंधार मात्र पुढेच होता. १ मार्च २०२१ रोजी राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरच्या प्राथमिक अहवालाच्या आधारे घातपाताची शक्यता बोलून दाखवली. यंत्रणेत १४ ट्रोजन घुसवले गेले असावेत, ८ जीबी माहिती परदेशी सर्व्हरवरून आली असावी, असे त्यांनी सांगितले. लगोलग तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी सांगितले की, हा सायबर हल्ला नव्हे, ती मानवी चूक होती. गलवानच्या संघर्षाला तेव्हा जेमतेम काही महिने लोटले होते. त्यामुळे चीनकडे बोट जाणे स्वाभाविक होते. चीनने अर्थातच कानांवर हात ठेवले. वृत्तवाहिन्यांवर चार दिवस रणकंदन माजले आणि पाचव्या दिवशी सारे शांत झाले.

कोणाचे खरे होते, याचा निवाडा करण्यासाठी हा लेखनप्रपंच नाही. आमचा प्रश्न त्याही आधीचा आहे. अशा प्रसंगी खरे-खोटे ठरवायचे कशावरून? नेत्यांच्या वक्तव्यांवरून की नोंदींवरून? आणि नोंदींवरून ठरवायचे, तर त्या नोंदी जिथे उमटल्या तिथून कोणाचाही हात न लागता तपास करणाऱ्यापर्यंत पोहोचल्या, याची हमी कोणती?

शत्रू आधी शाई पुसतो

प्रत्येक संगणक आपल्या कारभाराची रोजनिशी लिहीत असतो. कोण आले, कोणत्या वाटेने आले, कोणती फाईल उघडली, कोणता आदेश दिला, याची क्षणाक्षणाची टिपणे तीत असतात. संगणकवाले तिला लॉग म्हणतात. तिच्या जोडीला मापे असतात. यंत्रावर ताण किती, स्मृती किती भरली, उपकेंद्र असेल तर दाब किती आणि वारंवारिता ५० हर्ट्झच्या आसपास आहे की ढळते आहे. रोजनिशी आणि मापे हे यंत्राचे डोळे व नाडी होत.

आता चोराच्या बाजूने विचार करून पाहा. घरात शिरल्यावर तो प्रथम काय करील? तिजोरी फोडण्याआधी तो पहारेकऱ्याचे डोळे बांधील. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर दरोडा पडला, तेव्हा व्यवहारांची छापील नोंद काढणारा प्रिंटरच बंद पाडण्यात आला होता. कर्मचाऱ्यांना वाटले, प्रिंटर नेहमीप्रमाणे बिघडला असेल. तेवढ्या अवधीत ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समध्ये पोहोचले. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या विषाणूने तर याहून पुढची पायरी गाठली. इराणच्या नतांझ येथील अणुप्रकल्पातील यंत्रे तो आतून मोडत होता आणि नियंत्रणकक्षाच्या पडद्यावर आधी टिपून ठेवलेली सुरळीत मापे पुन्हा पुन्हा दाखवत होता. रोगी आचके देत असता वैद्याच्या हाती निरोगी माणसाची नाडी द्यावी, तसाच हा प्रकार.

याच्या उलट उदाहरणही आहे. १९८६ मध्ये अमेरिकेतील बर्कलेच्या प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाला संगणकाच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक आढळला. कोणी परका यंत्रात वावरतो आहे, हे ओळखून त्याने येणाऱ्या दूरध्वनी तारांनाच प्रिंटर जोडले. घुसखोराचे प्रत्येक अक्षर कागदावर उतरू लागले. संगणकावर कब्जा मिळवलेल्या त्या घुसखोराला कागदावर मात्र कब्जा मिळवता आला नाही, कारण कागद त्याच्या आवाक्याबाहेर होता. अखेर माग जर्मनीपर्यंत पोहोचला. सारे रहस्य या एका गोष्टीत आहे. नोंद चोराच्या आवाक्याबाहेर असली पाहिजे.

किल्ल्यावरचा सबनीस

हे तत्त्व आपल्याला कोणा परकीयाने शिकवावे, अशी वस्तुस्थिती नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी गडांची व्यवस्था लावताना हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे अधिकारी एकमेकांच्या जोडीला नेमले. किल्ल्या एकाकडे, हजेरी व हिशेब दुसऱ्याकडे. गडाच्या दरवाजावर ज्याची सत्ता, त्याच्याच हाती गडाची लेखणी नसावी, हा त्यातला विचार. एक जण फितूर झाला तरी गड जाऊ नये, यासाठीची ती तजवीज होती.

रेल्वेनेही हीच रीत पाळली. शेजारशेजारच्या दोन स्थानकांचे स्टेशन मास्तर गाडी सोडण्यापूर्वी एकमेकांना खासगी क्रमांक सांगत आणि तो वेळेसह दोन्ही ठिकाणच्या नोंदवह्यांत लिहिला जाई. अपघात झालाच, तर एका नोंदवहीत खाडाखोड करून भागत नसे. दुसरी वही साक्षीला हजर असे.

सर्व्हरवरील नोंदी सुरक्षितपणे दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवणे म्हणजे नेमके हेच. नोंद उमटली की त्याच क्षणी ती दुसऱ्या, स्वतंत्र यंत्राकडे रवाना व्हावी. त्या यंत्राच्या किल्ल्या पहिल्या यंत्राच्या व्यवस्थापकाकडे नसाव्यात. तेथे नोंद जमा करता यावी, परंतु पाठवणाऱ्याला ती पुसता येऊ नये. मध्येच तार तुटली, तर नोंदी रांगेत थांबाव्यात आणि मार्ग खुला होताच पुढे जाव्यात. एखादे यंत्र अचानक गप्प झाले, तर ते मौन हीच धोक्याची घंटा मानली जावी.

पाठवण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची. १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी घडवलेली सिसलॉग ही पद्धत जगभर रूढ झाली. तिचे जुने रूप म्हणजे निव्वळ पोस्टकार्ड होते. वाटेत कोणीही वाचावे, कोणीही खोट्या नावाने दुसरे टाकावे, आणि पोहोचले की हरवले याचा पत्ताच लागू नये. २००९ मध्ये तिला सुरक्षित वाहतुकीची प्रमाणित जोड मिळाली. मजकूर सांकेतिक रूपात जातो आणि पाठवणारा व घेणारा दोघेही आपापले प्रमाणपत्र दाखवून ओळख पटवतात. पूर्वी आपण महत्त्वाचा कागद पोचपावतीसह रजिस्टर टपालाने धाडत असू, तशीच ही व्यवस्था. आश्चर्य याचे की, आजही असंख्य कार्यालयांत पोस्टकार्डेच धावत आहेत.

आपल्या घरातले वास्तव

'हे सारे वीजकेंद्रांसाठी, अणुप्रकल्पांसाठी. आमच्या पतसंस्थेला कोण लुटणार?' असे म्हणणारे महाभाग पुष्कळ भेटतात. त्यांना ऑगस्ट २०१८ मधले पुणे आठवत नाही काय? कॉसमॉस ही आपल्या महाराष्ट्रातली शतकाहून जुनी सहकारी बँक. चोरट्यांनी बनावट स्विच उभा करून खऱ्या यंत्रणेला बगल दिली आणि अवघ्या दोन दिवसांत ९४ कोटी ४२ लाख रुपये पळवले. त्यांतले ७८ कोटी तर २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत काढले गेले. चोर सहकारी आणि सरकारी असा भेद करत नाही.

खडवलीचा एक तरुण नवी मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये नोकरीला जातो. परतीच्या कसारा गाडीत त्याने सांगितलेली हकीकत मनातून जात नाही. तो पूर्वी ज्या संस्थेत होता, तिथे एका रविवारी खंडणीखोर विषाणूने सर्व संगणक कुलूपबंद केले. सोमवारी तपासाला आलेल्या माणसाने पहिला प्रश्न केला, 'नोंदी कुठे आहेत?' नोंदी त्याच सर्व्हरवर होत्या आणि सर्व्हरसोबत त्याही गेल्या होत्या. "काका, चोर कोणत्या दाराने आला हेच कळलं नाही. मग कुलूप बदलायचं तरी कोणत्या दाराचं?" त्याच्या या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

कायद्याने काही केले नाही, असेही नाही. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. सर्व यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस सुरक्षितपणे, भारताच्या अधिकारक्षेत्रात ठेवा. सायबर घटना सहा तासांत कळवा. संगणकांची घड्याळे राष्ट्रीय वेळेशी जुळवा. घड्याळांची बाब क्षुल्लक नव्हे. दोन वह्यांतल्या वेळाच जुळत नसतील, तर साक्ष कसली? रिझर्व्ह बँकेनेही ३१ डिसेंबर २०१९ च्या आराखड्यात नागरी सहकारी बँकांना त्यांच्या व्यापानुसार जबाबदाऱ्या नेमून दिल्या. परंतु परिपत्रक फाईलला लावले की कर्तव्य संपले, ही आपली जुनी खोड! नोंदी 'ठेवणे' आणि त्या प्रसंगी 'हाती लागणे' यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

खर्चाची सबब तर टिकणारीच नाही. आर-सिसलॉग, प्रोमेथियस यांसारखी साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. लागतो तो एक वेगळा संगणक, एक जाणकार माणूस आणि थोडी शिस्त. ग्राहकांची माहिती उघडी पडेल, ही शंका मात्र रास्त आहे. तिचे उत्तर नोंदी न पाठवणे हे नसून, पासवर्ड वा खातेक्रमांक नोंदीत उतरूच न देणे आणि वाहतूक कूटबद्ध ठेवणे हे आहे.

येथे थोडे आत्मपरीक्षणही करू या. जून २०२० मध्ये सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, तेव्हा आपण मोठ्या उत्साहाने ती मोबाईलमधून काढून टाकली. ते योग्यच झाले. परंतु आपल्याच सोसायटीच्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच राहिला आहे काय, आपल्याच संस्थेच्या नोंदी कोणत्या देशातल्या सर्व्हरवर जाऊन पडतात, हे कितीजणांनी तपासले? स्वदेशीचा अर्थ केवळ बहिष्कार नव्हे. आपल्या घराची वही आपल्या ताब्यात आणि शाबूत असणे, हाही स्वदेशीचाच अर्थ आहे. घोषणेला एक दिवस पुरतो. पहाऱ्याला रोजचा दिवस लागतो.

डोंबिवली, कल्याण, ठाणे परिसरातील बँका, पतसंस्था, शाळा, रुग्णालये यांच्या संचालक मंडळांवर या साप्ताहिकाचे अनेक वाचक आहेत. येत्या वार्षिक सभेत लाभांशाच्या टक्क्याबरोबर त्यांनी पाच प्रश्न अवश्य विचारावेत. आपल्या सर्व्हरच्या नोंदी दुसऱ्या स्वतंत्र ठिकाणी जातात काय? वाटेत त्या कूटबद्ध असतात काय? तेथून त्या पुसण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे? सर्व यंत्रांची घड्याळे जुळलेली आहेत काय? आणि शेवटचा, सर्वांत अवघड प्रश्न: त्या नोंदी रोज कोणी वाचतो काय?

पाचांपैकी एकाही प्रश्नाला 'पाहून सांगतो' असे उत्तर आले, तर समजावे की गडाची लेखणी अजून दरवाजावरच टांगलेली आहे. पडघ्याच्या मनोऱ्यांखाली पुन्हा अंधार होईल की नाही, हे आपल्या हाती नसेल. तो कोणी केला, हे पुराव्यानिशी सांगण्याची सिद्धता मात्र आपल्याच हाती आहे.