जुने खेळ आणि नवे यंत्र

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील दौलतगंजात आमचे एक जुने स्नेही राहतात. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी जेथे पडली, त्याच या भागात त्यांच्या पूर्वजांनी बिऱ्हाड केले. घरात आजही मराठीच बोलली जाते. नाताळच्या सुटीत आम्ही त्यांच्याकडे गेलो असता धाकटा मुलगा हिरमुसून बसलेला दिसला. दिवाळीत वडिलांनी त्याला प्लेस्टेशन ५ हे व्हिडिओ गेमचे नवे यंत्र घेऊन दिले होते. थोरला भाऊ नोकरीनिमित्त पुण्यास जाताना प्लेस्टेशन ३ च्या आपल्या डिस्कांचा डबा त्याच्या स्वाधीन करून गेला होता. ‘जुने सारे चालते,’ असे दुकानदाराने सांगितले होते. प्रत्यक्षात एकही डिस्क चालेना. ‘दादाचे खेळ वाया गेले,’ एवढेच तो बिचारा पुनःपुन्हा म्हणत होता.

वाचकहो, आपल्या गावांतील काही घरांतही ही यंत्रे आता आली आहेत. म्हणून या अडचणीचे मूळ समजून घेणे बरे.

प्रत्येक यंत्राला स्वतःचा मेंदू असतो आणि खेळ त्या मेंदूच्या भाषेत लिहिलेला असतो. २००० साली आलेल्या प्लेस्टेशन २ वर त्याआधीचे खेळ चालत, कारण जुना मेंदूही त्यात बसविलेला होता. २००६ च्या प्लेस्टेशन ३ च्या पहिल्या नमुन्यांतही अशीच सोय होती. पुढे किंमत उतरविण्यासाठी ती काढून टाकण्यात आली. त्या यंत्राचा स्वतःचा मेंदू तर अगदीच निराळ्या घडणीचा होता. २०१३ साली प्लेस्टेशन ४ साध्या संगणकासारख्या मेंदूवर बेतले गेले, आणि २०२० चे प्लेस्टेशन ५ त्याच वळणाचे आहे. म्हणून या नव्या यंत्रावर प्लेस्टेशन ४ चे बहुतेक सर्व खेळ चालतात, मात्र ३ च्या डिस्का चालत नाहीत.

दुसराही एक मार्ग आहे. आमच्या स्नेह्यांच्या घरी पणजोबांचे मोडी कागद आहेत. नातवंडांना ते वाचता येत नाहीत. मोडी जाणणारा कोणी बाळबोधीत उतरवून देईल तेव्हाच ते बोलू लागतात. असा जाणकार यंत्रालाही देता येतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ पासून एक्सबॉक्स वन या यंत्रात तशी योजना करून एक्सबॉक्स ३६० चे अनेक खेळ त्यावर आणले. मात्र हे काम कष्टाचे असते, म्हणून सर्वच खेळांच्या वाट्याला ते भाग्य येत नाही.

तेव्हा यंत्र घेण्यापूर्वी पालकांनी ‘जुने चालते का?’ असे मोघम विचारू नये. घरातील डिस्क हाती घेऊन जावे आणि नेमकी हीच चालेल का, ते विचारावे. यंत्राला डिस्क घालण्याची खाच आहे की नाही, हेही पाहावे. काही नमुन्यांना ती मुळीच नसते. आणि नवे आले म्हणून जुने यंत्र लागलीच भंगारात देऊ नये.

आमच्या स्नेह्यांनी नेमके तेच करण्याचे ठरविले होते. थोरल्याचे यंत्र माळ्यावर धूळ खात पडले होते. ते आम्ही खाली उतरविले, पुसले, दूरदर्शन संचाला जोडले आणि ते सुरू झाले! सायंकाळी सुटीवर आलेला थोरला धाकट्याशेजारी मांडी घालून बसला आणि एकेक डाव त्याला शिकवू लागला. नव्या यंत्राकडे त्या दिवशी कोणी फिरकलेही नाही.

खेळालाही मर्यादा हवी, हे सांगणे आले. २०२५ च्या ७ सप्टेंबर रोजी पोप लिओ चौदावे यांनी ज्यांना संतपद बहाल केले, ते कार्लो अकुटिस यांच्यापाशीही प्लेस्टेशन होते. पण आठवड्यात एक तासच खेळायचे, असा नियम त्यांनी स्वतःलाच घालून घेतला होता. आपल्या मुलांना हे अवश्य सांगावे.

आपल्या भांडारातून नवे आणि जुने दोन्ही बाहेर काढणाऱ्या घरधन्याचा दृष्टांत प्रभू येशूने दिला आहे. दौलतगंजातील तो माळा आठवला की आम्हाला तो घरधनी आठवतो. आपल्याही माळ्यावर थोरल्या भावंडांचे असे काही पडले असेल, तर या सुटीत ते खाली उतरवून पाहावे.