पावती मागणाऱ्यांचा जाहीरनामा

कल्याण-डोंबिवलीने पालिकेच्या मतदानासाठी दहा वर्षं वाट पाहिली. १ नोव्हेंबर २०१५ नंतर थेट १५ जानेवारी २०२६. शाळेच्या वर्गात, पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभं राहून आपण मत दिलं. बहुतेक प्रभागांत चार-चार वेळा. दर वेळी लाल दिवा लागला, शेवटी लांब बीप वाजला आणि आपण बाहेर आलो. ठाण्यातही तेच.

२०२४ मध्ये लोकसभेला आणि विधानसभेला याच वर्गांत यंत्राशेजारी काचेची खिडकी होती. बटण दाबलं की आत पावती दिसायची: उमेदवाराचा क्रमांक, नाव, चिन्ह. सात सेकंदांनी ती तुटून पेटीत पडायची. आमच्यातल्या एका आजींनी तेव्हा ती चष्मा लावून वाचली होती. पालिकेच्या वेळी त्यांनी पर्समधून चष्मा काढला आणि तसाच परत ठेवला. वाचायला काही नव्हतं.

यंत्र खोटं आहे, असं आम्ही म्हणत नाही. तसा पुरावा आमच्याकडे नाही. आणि पुराव्याशिवाय बोट दाखवणं म्हणजे केंद्रावर पहाटेपासून राबणाऱ्या शिक्षकांवर अन्याय. आमचं म्हणणं एवढंच, की शंका आली तर ती फेडायला कागद हवा. विधानसभेनंतर शंका आलीच. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर मतदान करून पाहायचं ठरवलं. प्रशासनाने ते होऊ दिलं नाही. पण तेव्हा भारत निवडणूक आयोगाला निदान सांगता आलं, की २८८ मतदारसंघांत प्रत्येकी पाच, म्हणजे १,४४० केंद्रांच्या पावत्या मोजल्या आणि त्या यंत्राशी जुळल्या. तेवढ्या पुरेशा होत्या का, यावर आमच्यातच वाद आहेत. पालिकेच्या बाबतीत तर वाद घालायलाही जागा नाही. उद्या कोणी थोडक्या मतांनी हरला आणि फेरमोजणी मागितली, तर मोजायचं काय? तेच यंत्र, तोच आकडा.

पावतीची कायद्यात तरतूद नाही आणि बहुसदस्यीय प्रभागाला चालेल असं व्हीव्हीपॅट, म्हणजे पावती दाखवणारं यंत्र, नाही, असं राज्य निवडणूक आयोग सांगतो. मग तरतूद करा, यंत्र बनवून घ्या. १९८२ साली केरळातल्या परूरला मतदानयंत्र कायद्याच्या आधी आलं. सर्वोच्च न्यायालयाने पन्नास केंद्रांवर पुन्हा मतपत्रिकेवर मतदान घ्यायला लावलं, आणि त्यानंतर कायदा बदलला गेला. यंत्रासाठी कायदा बदलतो, तर पावतीसाठी का नाही? मुक्त निवडणुकीला कागदाची जोड अपरिहार्य आहे, हे त्याच न्यायालयाने ८ ऑक्टोबर २०१३ ला सांगून ठेवलं आहे.

म्हणून पालिकेच्या पुढच्या निवडणुकीत प्रत्येक मताची पावती हवी. ते जमणार नसेल, तर मतपत्रिका द्या. निकाल दोन दिवस उशिरा लागला तरी चालेल. कोणत्या केंद्रांच्या पावत्या मोजायच्या, याची चिठ्ठी मतदारांसमोर निघावी. आणि केंद्रावर एकूण किती मतं पडली, हा आकडा त्याच संध्याकाळी शाळेच्या दारावर लागावा. याला तर नवं यंत्रही लागत नाही.

ही हरलेल्यांची चळवळ नाही. निवडून आलेल्या नगरसेवकांची सही आम्हांला सर्वांत आधी हवी आहे. दर रविवारी सकाळी आम्ही डोंबिवलीत फडके रोडवर, कल्याणात दुर्गाडीच्या पायथ्याशी आणि ठाण्यात तलावपाळीवर निवेदन घेऊन उभे राहू. पक्षाचा झेंडा घरी ठेवा, मतदार ओळखपत्र घेऊन या.