तिकीट स्वस्त, प्रवास महाग!



गेल्या माघ पौर्णिमेनंतर आमच्या विहारातले बारा उपासक-उपासिका बुद्धगयेला जाऊन आले. जाताना रेल्वे आणि येताना पाटण्याहून मुंबईपर्यंत विमान, असा बेत होता. महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेल्या आमच्या एका आजींचा तो पहिलाच विमानप्रवास. अंगावर पांढरे लुगडे, वहीत जपून ठेवलेले बोधिवृक्षाचे पान, चेहऱ्यावर समाधान. पण विमानतळाच्या काउंटरवर त्यांची बॅग १९ किलो भरली. तिकिटावर मोफत होते १५ किलो. वरच्या चार किलोंचे अडीच हजार रुपये मागितले गेले.

आजींनी तिथेच फरशीवर बसून बॅग उघडली. लुगडी, औषधाचे डबे, नातवंडांसाठी घेतलेल्या बुद्धमूर्ती, सारे रांगेतल्या लोकांसमोर बाहेर आले. "बाळा, मला कुणी सांगितलंच नाही," एवढेच त्या म्हणाल्या. खरेच होते. तिकिटे आम्हीच काढली होती. स्वस्त भाडे पाहून आम्ही हरखलो आणि खालचा बारीक मजकूर वाचलाच नाही. चूक आमची आणि मान खाली गेली आजींची! म्हणून हा लेखप्रपंच.

१९०१ साली लहानगे बाबासाहेब साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले, ती हकिकत आपणा सर्वांना ठाऊक आहे. जात कळताच एकही गाडीवान बैलगाडी देईना. दुप्पट भाडे कबूल केले तेव्हा एक जण तयार झाला, तोही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. ते दुप्पट भाडे जातीचे होते. आजच्या वाढीव पैशांशी त्याची बरोबरी करता येणार नाही. काउंटरवर जात विचारीत नाहीत, वजन पाहतात. पण चारचौघांत संकोचून मुकाट्याने पैसे मोजण्याची सवय आपल्यात अजून उरली आहे. ती मोडायची तर नियम माहीत हवेत.

पूर्वी इंडियन एअरलाइन्सच्या विमानात जेवण भाड्यातच असे. उड्डाणाआधी गोळ्या मिळत, कानात घालायला कापूस मिळे. पण त्या विमानात आपली माणसे होती किती? २००३ साली एअर डेक्कन आली. तिने फुकटचे खाणेपिणे काढले, भाडे उतरवले आणि हळूहळू आपल्या वस्तीतला माणूसही विमानात बसू लागला. हे चांगलेच झाले. पुढे २०१३ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सीट, सामान, खाणे यांचे पैसे वेगळे घेण्याची मुभा कंपन्यांना दिली. २०२४ मध्ये एअर इंडियानेही देशांतर्गत प्रवासाच्या सर्वांत स्वस्त तिकिटावरचे मोफत सामान १५ किलोवर आणले. सवलती अशा एकेक करून गेल्या. जाहिरातीतले भाडे मात्र स्वस्तच दिसत राहिले.

आता साधा हिशेब मांडू. समजा, माणशी तिकीट ४,५०० रुपये. चौघांचे झाले १८,००० रुपये. तिकीट ऑनलाइन काढण्याचे सुविधा शुल्क माणशी ३००, आवडीच्या सीटचे ३००, विमानातल्या सँडविच-चहाचे ४००. म्हणजे वर आणखी ४,००० रुपये! चौघांच्या प्रवासात जवळजवळ पाचव्याचे तिकीट गेले. सामानाचा दंड आणि विमानतळाहून घरापर्यंतची टॅक्सी अजून धरलेलीच नाही.

तेव्हा घरातल्या गृहिणींनी पुढील गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात.

१. बॅग घरीच तोला. काटा नसेल तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात न्या. सामान जास्त होणार असेल तर वाढीव किलो आधीच ऑनलाइन घ्या. काउंटरवर ते महाग पडतात.

२. सीट निवडलीच पाहिजे असे नाही. न निवडल्यास कंपनी आपणहून सीट देते, तिचे पैसे नाहीत. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई-वडिलांपैकी एकाजवळ बसवावे, असा आदेश २०२४ मध्ये निघाला आहे. त्यासाठी तिकिटे एकत्र काढा.

३. काउंटरवर बोर्डिंग पास देण्याचे पैसे घेता येत नाहीत, असे विमान वाहतूक मंत्रालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

४. तिकीट रद्द केले की "सगळे पैसे बुडाले" असे समजून गप्प बसू नका. सवलतीचे तिकीट असले तरी त्यातले कर आणि विमानतळाचे शुल्क परत मिळते. ते मागा.

५. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून अधिक उशीर झाला तर खाणेपिणे देणे कंपनीवर बंधनकारक आहे. लांबच्या उड्डाणांना ही मर्यादा तीन किंवा चार तासांची आहे.

६. सुकी पोळी-भाजी सोबत न्या. रिकामी बाटली न्या आणि तपासणीनंतर नळावर भरून घ्या. कोलकाता विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने दहा रुपयांत चहा देणारे 'उडान यात्री कॅफे' सुरू केले. पण अशी सोय सगळीकडे नाही.

७. तक्रार करायची तर सरकारचे 'एअरसेवा' पोर्टल आहे. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

ज्या महामानवाने १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, त्यांच्या लेकरांनी आपल्या रुपयाचा हिशेब विचारायला लाजू नये. विचारणे म्हणजे भांडणे नव्हे.

त्या दिवशी आमच्यापैकी चौघांनी आजींच्या मूर्ती आपापल्या बॅगांत घेतल्या आणि एक रुपयाही जास्त न भरता आम्ही सारे विमानात बसलो. खिडकीजवळ आजी बसल्या, पण बराच वेळ बोलल्या नाहीत. आम्हाला अडीच हजारांपेक्षा ते मौन जड वाटले. आता विहारात वजनाचा काटा आणला आहे. यात्रेच्या आदल्या रविवारी वंदना झाली की तिथेच बॅगा तोलायच्या आणि तिकिटावरचा बारीक मजकूर एका मुलीने सर्वांना मोठ्याने वाचून दाखवायचा, असे ठरले आहे. आपल्याही विहारात हे करून पाहा.

नमो बुद्धाय! जयभीम!