पाया पडायलाच हवे का?

दिवाळी अंकासाठी या सदरात काही हलकेफुलके, फराळाबरोबर गोड लागेल असे लिहावे, असा संपादकांचा आग्रह होता. पण यंदाच्या टपालात एक पत्र असे निघाले, की ते बाजूला सारून दुसरे काही लिहिणे मला जमेना. वाचक मला समजून घेतील.

पत्र इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मुलाचे आहे. वय वीस. खाली नाव नाही, पत्ता नाही. तेव्हा उत्तर इथेच द्यायला हवे. तो नऊ वर्षांचा असताना नात्यातले एक काका मे महिन्याच्या सुटीत त्याचे गणित घेत. दार लावून त्यांनी त्याच्याशी जे वर्तन केले, ते उघड करून लिहायची गरज नाही. दोन सुट्या हे चालले. आता तो वसतिगृहात राहतो. रात्री खोलीचे दार लागले की त्याला झोप येत नाही. पहिल्या वर्षी नेमका गणितातच नापास झाला. पाडव्याला तेच काका फराळाला येणार आणि आई दर वर्षीप्रमाणे म्हणणार, ‘पाया पड त्यांच्या. गणित शिकवलंय त्यांनी तुला.’

शेवटी दोन प्रश्न आहेत. ‘मुलगा असून मी गप्प का बसलो? आणि यंदा पाया पडू की नको?’

बाळ, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देते. पडू नकोस. नमस्कार मनातून यावा लागतो. त्या दिवशी खुशाल मित्राच्या घरी जा, अभ्यासाचे निमित्त सांग. याला पळपुटेपणा म्हणत नाहीत.

आता पहिला प्रश्न. नऊ वर्षांचे मूल गप्प बसते, कारण जे घडते आहे त्याला त्याच्याजवळ शब्दच नसतात. समोरचा माणूस आईबाबांच्या आदरातला असतो. मोठ्यांचे ऐकावे, उलट बोलू नये, हे तर आपणच त्याला शिकवलेले असते. भीतीने अंग गोठते, ओरडावे म्हटले तरी आवाज फुटत नाही. यात मुलगा की मुलगी हा प्रश्नच येत नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले, आणि त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा थोडे अधिकच निघाले. बहुतेकांनी ते कोणालाही सांगितले नव्हते. तू अकरा वर्षांनी का होईना, सांगितलेस.

झोप उडणे, एखाद्या विषयाचीच धास्ती बसणे, ही मनाच्या जखमेची लक्षणे आहेत आणि तिच्यावर उपचार आहेत. ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२ साली अशा जखमांवर पुस्तक लिहिले. त्यांनी सांगितलेला क्रम मला पटतो: आधी सुरक्षितता, मग आठवणींना सामोरे जाऊन जे हरवले त्याचे दुःख करणे, आणि मग पुन्हा माणसांत मिसळणे. म्हणजे आजच सारे आठवून काढायची घाई नको. कॉलेजात समुपदेशक असतील तर त्यांना भेट. नसतील तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. आणि काकांना क्षमा केल्याशिवाय बरे वाटणार नाही, असे कोणी म्हटले तर मनावर घेऊ नकोस.

मात्र एक ओळ तू जाता जाता लिहून गेलास, तिने माझी झोप उडवली. तुझ्या आठ वर्षांच्या चुलतभावाचे गणित आता तेच काका घेणार आहेत! हे थांबू शकत नाही. ज्याच्यावर तुझा विश्वास आहे, आई, मावशी, कोणीही, त्या व्यक्तीला आजच सांग. तोंडाने जमत नसेल तर मला लिहिलेस तसे पत्र लिही. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलग्यांना आणि मुलींना सारखेच संरक्षण दिले आहे. ज्याला अशा गुन्ह्याची माहिती आहे, त्याने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, आणि मुलाची ओळख वर्तमानपत्रांना छापता येत नाही. मोठेपणीही तक्रार करता येते, हे कायदा मंत्रालयाने २०१८ साली स्पष्ट केले. लहान मुलासाठी मदत हवी असेल तर १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. हे सारे तू एकट्याने पेलायचे नाहीस. तू कळव, पुढचे ओझे मोठ्यांनी उचलायचे.

आणि आता त्या मोठ्यांसाठी, म्हणजे तुमच्याआमच्यासाठी. मूल असे काही सांगू लागले की आपल्या तोंडून पहिल्यांदा निघते, ‘भलतंच काय बोलतोस! ते तसे नाहीत.’ घराण्याची अब्रू, सणाचा दिवस, नात्यातला तुटकपणा, सारे एकदम आठवते. पण त्या एका वाक्याने मूल पुढची कित्येक वर्षे तोंड उघडत नाही. यंदा फराळाच्या गडबडीत एखादे पोर कोणाच्या मांडीवर बसायला, पाया पडायला, एकटे जायला नको म्हणाले, तर चारचौघांत त्याला दटावू नका. हातातली करंजी खाली ठेवा, त्याला आतल्या खोलीत न्या, जवळ घेऊन शांतपणे विचारा. आणि ते जे सांगेल ते आधी खरे माना.