एकच चढ, दोन घोळके

सातारा हिल हाफ मॅरेथॉन सप्टेंबरात. त्यामुळे सध्या दर रविवारी पहाटे आपल्या चांदबीबी महालाच्या घाटात गर्दी दिसते. (महाल म्हणतो आपण, आहे ती सलाबतखानाची कबर. असो.) डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक, कापडवाले, सगळे पायथ्याला गाड्या लावून चढ पळतात. चांगलंच आहे की! पन्नाशीचा माणूस शुगरची गोळी खाऊन सोफ्यावर पडण्याऐवजी डोंगर चढतोय, त्याची टिंगल करणाऱ्यांतला मी नाही. साताऱ्याची 21 किलोमीटरची शर्यत यवतेश्वर घाट चढून कासच्या दिशेने जाते आणि त्याच घाटाने खाली येते. सपाटीवरच्या सरावाने ते जमत नाही. म्हणून डोंगर गाठावाच लागतो.

माझं भांडण वेगळं आहे.

त्याच चढावर, त्याच वेळेला दुसराही एक घोळका असतो. भरतीची पोरं. एका मोटारसायकलवर तिघं येतात. फाटके बूट, काहींच्या पायात नुसते मोजे. यांचीही शर्यतच आहे, फक्त तिला मेडल नाही. पोलीस भरतीच्या मैदानात पोरांना 1600 मीटर, पोरींना 800 मीटर. शारीरिक चाचणीच्या 50 गुणांपैकी 20 या एका धावण्याला. पूर्ण 20 पाहिजेत तर पोराने 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत आलं पाहिजे, पोरीने 2 मिनिटं 50 सेकंदांच्या आत. पाच-सात सेकंद इकडे तिकडे झाले की गुण कापले, आणि घरच्यांनी विकलेल्या शेरडाचे पैसे गेले.

दोन्ही घोळके एकमेकांच्या शेजारून पळतात. एकमेकांना ओळखत नाहीत. फार तर 'काका, बाजूला' एवढाच संवाद.

आता बघा, ज्ञान कुठल्या घोळक्यात आहे? पहिल्या. त्यांना माहितीये की आठवड्यातून एकदा, फार तर दोनदाच चढाचा सराव करायचा. दोनशे मीटर चढ जोरात, खाली येताना चालत, असं सहा-आठ वेळा. उतरताना पावलं छोटी टाकायची, टाच आपटून ब्रेक लावायचा नाही, नाहीतर मांड्या आणि गुडघे धरतात. दुसऱ्या दिवशी निवांत पळायचं. हे सगळं ते पुण्या-मुंबईच्या कोचला पैसे देऊन शिकलेत. आणि भरतीची पोरं? ॲकॅडमीवाला शिट्टी मारतो, रोज टायमिंग घेतो. रोज जीव तोडून 1600. महिन्या-दोन महिन्यांत नडगी दुखायला लागते, पोरगं स्प्रे मारून परत पळतं. याला ट्रेनिंग म्हणत नाहीत हो, याला जुंपणं म्हणतात.

यात जीव जातात. 2024 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपायांची भरती झाली. 10 किलोमीटर धावायचं होतं. त्या भरतीत दहाहून जास्त उमेदवार गेले. बेरोजगार, तरणीताठी पोरं.

पहिल्या घोळक्याला मी हे बोललो की उत्तर ठरलेलं. 'पोरं ऐकत नाहीत.' 'काही झालं तर जबाबदारी कुणाची?' अहो, काही व्हायचं ते आत्ताही होतंच आहे, फक्त तुम्ही बघत नाही. स्वतःला 'रनिंग कम्युनिटी' म्हणवता ना? मग त्या कम्युनिटीत बाराशे-पंधराशे रुपये एन्ट्री फी भरणाराच बसतो का?

न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियार्ड नावाचा माणूस होता. बुटांच्या कारखान्यात कामाला. आजूबाजूची पोरं गोळा करून त्यांना डोंगराळ रस्त्यावर पळवायचा, चढावरच्या सरावाची पद्धत त्यानेच बसवली. 1960 च्या रोम ऑलिम्पिकमध्ये त्याच्या दोन पोरांनी, पीटर स्नेल आणि मरे हालबर्गने, एकाच दिवशी सुवर्ण मारलं. तुम्ही सकाळी जे 'हिल रिपीट' करता ना, ते त्याचंच देणं. फुकट शिकवलेल्या गोष्टीवर आज कुलूप कशाला?

आणि अविनाश साबळेचे फ्लेक्स लावताना आपली छाती फुगते. मांडवा, आष्टी तालुका, जिल्हा बीड, पण आपल्याला शेजारचाच. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्य, 2023 ला आशियाई सुवर्ण. पण स्टीपलचेस त्याला कुठे भेटली? सैन्यात गेल्यावर. त्याच्या आधी आपल्या या सगळ्या पट्ट्यात ती त्याला भेटली नाही. आत्ता त्या घाटात फाटक्या बुटांनी कोण पळतंय, हे तरी कुणाला माहितीये?

प्रशासनालाही सोडत नाही. एक दिवसाच्या मॅरेथॉनला झेंडा दाखवायला सगळे साहेब आणि पुढारी हजर. वर्षाचे बाकीचे 364 दिवस पोरं पळतात कुठे? हायवेच्या कडेला, पहाटे साडेचारला, काळ्या टी-शर्टमध्ये. पोरी असतील तर मागे भाऊ मोटारसायकलवर, तिच्याच दिव्याच्या उजेडात. ज्या जिल्ह्यात कळसूबाई आहे, हरिश्चंद्रगड आहे, इतके चढ-उतार आहेत, तिथे पळायला एक बिनधोक रस्ता नसावा?

मागणं मोठं नाही. रनिंग ग्रुपवाल्यांनी रविवारी एक तास, प्रत्येकी दोन पोरं धरावीत. पैसे नकोत, टी-शर्ट तर अजिबात नकोत. ॲकॅडम्यांवर क्रीडा खात्याने निदान एवढं बघावं की शिकवणाऱ्याला शिकवता येतं का. आणि प्रत्येक तालुक्याला एकच रस्ता, पहाटे साडेचार ते साडेसहा अवजड वाहनांना बंद, त्यावर चार दिवे. हे दिवाळीच्या आत व्हायला पाहिजे. नंतर गाळप सुरू होईल, आणि मागे लाल दिवा नसलेले उसाचे डबल ट्रेलर याच पोरांच्या रस्त्यावर येतील.